जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि मधलं कडं

ऐंशी-नव्वदच्या दशकांत लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या नाशिकच्या स्टुडिओचं मागचं कपाट उघडलं, की पेंटॅक्स के१०००, याशिका एफएक्स-३, निकॉन एफएम१० किंवा रशियन झेनिट यांपैकी काहीतरी हाती लागतंच. बॉडी बहुधा गेलेली असते: शटर अडकलेलं, उजेड मोजणारं मीटर बंद, आतला फोम चिकट होऊन गळलेला. पुढची ५० एमएमची लेन्स मात्र बऱ्याचदा ठणठणीत असते. ती आजच्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवायला लागतं एक धातूचं कडं, म्हणजे अडॅप्टर. त्यात काच नसते, वायर नसते, मोटर नसते. असतं ते फक्त एक ठरावीक अंतर. बहुतेकांचं बिनसतं ते या अंतरापाशीच, आणि खापर मात्र बिचाऱ्या लेन्सवर फुटतं. म्हणून आधी अंतर समजून घेऊ.

अंतराचं गणित

प्रत्येक माउंटचं, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसण्याच्या जागेचं, लेन्स बसण्याच्या कडेपासून फिल्मपर्यंतचं, आता सेन्सरपर्यंतचं, अंतर ठरलेलं असतं. त्याला फ्लँज अंतर म्हणतात. एम४२ (४२ मिलिमीटरच्या आट्यांचं माउंट) आणि पेंटॅक्स के या दोन्हींचं ते ४५.४६ मिलिमीटर आहे. याशिका-कॉन्टॅक्सचं ४५.५, निकॉन एफचं ४६.५, ऑलिंपस ओएमचं ४६, मिनोल्टाचं ४३.५ आणि कॅनन एफडीचं ४२. मिररलेसमध्ये मधला आरसाच काढून टाकल्यामुळे हे अंतर निम्म्याहून कमी झालं: सोनी ई १८, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६, फुजी एक्स १७.७, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५.

आता वजाबाकी करायची. एम४२ ची लेन्स सोनीवर लावायची तर ४५.४६ वजा १८, म्हणजे अडॅप्टरची जाडी २७.४६ मिलिमीटर हवी. निकॉन एफची लेन्स निकॉन झेडवर लावायची तर ३०.५, कॅनन एफडीची सोनीवर लावायची तर २४. उत्तर धन आलं आणि मधे कडं मावेल एवढी जागा उरली, की काम झालं. मिररलेसवर जवळजवळ प्रत्येक जुनी लेन्स चालते ती एवढ्याचसाठी.

डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेला डिजिटल कॅमेरा, असेल तर वजाबाकी नीट बघावी लागते. कॅनन ईएफचं अंतर ४४ आहे, म्हणून एम४२ ला १.४६ आणि निकॉनला २.५ मिलिमीटरचं पातळ कडं पुरतं. पण मिनोल्टा आणि एफडी तिथे ऋण उत्तर देतात. निकॉन डीएसएलआरवर एम४२ लावायची म्हटली तर साधारण १.०४ मिलिमीटर कमी पडतात. बिनकाचेचं कडं लावून झेनिटबरोबर येणारी ५८ एमएमची हेलिओस लेन्स तिथे चढवलीत, तर सव्वातीन मीटरच्या पलीकडचं काहीच फोकसमध्ये येणार नाही. यावर उपाय म्हणून काच बसवलेले अडॅप्टर मिळतात. ती काच स्वस्तातली असते आणि लेन्सचा सगळा गोडवा घालवते. आमचं स्पष्ट मत: निकॉन डीएसएलआरवर जुनी निकॉन लेन्सच लावा, एम४२ च्या नादी लागू नका.

निकॉनवाल्यांनी आणखी एक बघायचं. १९७७ नंतरच्या एआय आणि एआय-एस लेन्स, म्हणजे एफएम१० बरोबर येणारी ३५-७० सुद्धा, निकॉन डीएसएलआरवर अडॅप्टरशिवाय थेट बसतात. डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडींवर मीटर चालत नाही, तिथे मॅन्युअलवर अंदाजाने एक्स्पोजर लावून स्क्रीनवर बघायचं. डी७०००, डी७१००, डी७२०० वर मेनूत नॉन-सीपीयू लेन्स डेटा (लेन्सची फोकल लांबी आणि कमाल अॅपर्चर) भरला की मीटर चालतं. १९७७ च्या आधीची, एआय न केलेली लेन्स मात्र डी७००० सारख्या बॉडीवर जबरदस्तीने फिरवू नका. माउंटच्या बाजूची छोटी एआय खिट्टी तुटते.

माउंट ओळखणं

लेन्स उलटी धरा. मागे आटे असतील तर ती स्क्रूची, पंजे असतील तर बेयोनेटची. झेनिटची लेन्स बहुतेक एम४२, के१००० ची पेंटॅक्स के, एफएक्स-३ ची याशिका-कॉन्टॅक्स, एई-१ ची कॅनन एफडी.

आट्यांच्या बाबतीत दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एम४२ चा व्यास ४२ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर. टी२ या दुसऱ्या स्क्रू माउंटचाही व्यास ४२ च, पण आटे ०.७५ चे. दीड-दोन फेऱ्या दोन्ही एकमेकांत जातात आणि मग अडकतात. तिथे जोर लावला की आटे कायमचे गेले. लेन्स दोन फेऱ्यांत जड लागली तर थांबा, उलटी फिरवून काढा. दुसरी फसगत ३९ मिलिमीटरची. लायकाच्या जुन्या स्क्रू लेन्सचं अंतर २८.८, आणि जुन्या झेनिटच्या ३९ मिलिमीटर लेन्सचं ४५ च्या आसपास. आटे सारखे दिसतात, अडॅप्टर मात्र वेगळे. डार्करूममधल्या एन्लार्जरच्या लेन्सलाही बहुधा हेच ३९ चे आटे असतात. त्यांना स्वतःची फोकस रिंग नसते, त्यामुळे मधे लेन्स पुढेमागे सरकवणारं हेलिकॉइड किंवा बेलोज लागतं. स्टुडिओच्या कपाटात अशी लेन्स मिळाली तर टाकून देऊ नका, जवळच्या फोटोंना ती फार छान चालते.

लेन्स घेण्याआधी

मोबाइलचा टॉर्च आणि पाच मिनिटं एवढंच लागतं. अॅपर्चर पूर्ण उघडा, टॉर्च मागून तिरपा धरा आणि पुढून बघा. धुळीचे पाच-पन्नास कण दिसतीलच, त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या फांद्या फुटलेल्या दिसल्या तर ती बुरशी. सगळीकडे सारखा दुधी पडदा दिसला तर आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसली आहे. ती साफ होऊ शकते, पण लेन्स खोलावी लागते. कडेला इंद्रधनुषी चकती दिसली तर दोन काचा चिकटवणारा बाल्सम सुटला आहे. ती लेन्स सोडून द्या.

मग अॅपर्चरची पाती बघायची. एम४२ च्या ऑटो लेन्सला मागे एक छोटी पिन असते. अॅपर्चर १६ वर ठेवून ती बोटाने दाबा आणि सोडा. पाती चटकन मिटली आणि चटकन उघडली पाहिजेत. आळसावून हलत असतील तर पात्यांवर तेल आलंय. हेलिओस ४४-२ सारख्या प्रीसेट लेन्सला अशी पिनच नसते, तिथे पाती हाताने फिरवून बघायची, थोडं तेल असलं तरी चालून जातं. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. दगडासारखी घट्ट असेल तर ग्रीस वाळलंय, आणि वाळलेलं ग्रीस जोराने फिरवलं की आतले आटे खरवडतात.

सुपर ताकुमार ५० एमएम एफ/१.४ च्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियमची काच आहे. वर्षानुवर्षं कपाटात राहून ती चहासारखी पिवळी पडते. अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात काही दिवस ठेवली की उतरते. त्यासाठी नाशिकच्या मे महिन्याच्या उन्हात खिडकीत ठेवायचा मोह होईल, तो आवरा: ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं आणि लेन्समधून ऊन एका बिंदूवर जमून पडदा पेटू शकतो. यूव्ही एलईडी दिवा बरा. थोरियमचा किरणोत्सर्ग वापरताना काळजी करण्याइतका नसतो, पण ती काच घासू किंवा फोडू नये.

अडॅप्टरची जाडी मोजणं

हा भाग नाशिककरांना सगळ्यात सोपा जावा. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत मायक्रोमीटर आणि लेथ गल्लोगल्ली आहेत, आणि प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी तिथे काम करणारं कुणीतरी असतंच.

अडॅप्टर कॅमेऱ्याला टेकतो त्या कडेपासून लेन्स टेकते त्या कडेपर्यंत जाडी मोजायची. पुढे आलेले पंजे धरायचे नाहीत, तिथे चूक होते. चार ठिकाणी मोजा: बारा, तीन, सहा आणि नऊ वाजता. चारही माप मिलिमीटरच्या तीन-चार शतांशांच्या आत जुळली पाहिजेत. एका बाजूला जास्त भरलं तर कडं तिरकं आहे. मग उघड्या अॅपर्चरवर फोटोची एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ येते, आणि लोक म्हणतात लेन्स खराब आहे.

एक दशांश मिलिमीटरने काय होतं ते आकड्यांत बघा. अडॅप्टर ०.१ मिलिमीटर जाड असेल, तर ५० एमएमची लेन्स इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसला, ठेवूनही साधारण २५ मीटरवर फोकस करते. नियम साधा आहे: लेन्सच्या फोकल लांबीचा वर्ग करायचा आणि जाडीच्या चुकीने भागायचं. २,५०० भागिले ०.१ म्हणजे २५,००० मिलिमीटर. तीच चूक २८ एमएमच्या लेन्सला जेमतेम ८ मीटरवर आणून सोडते, १३५ ला मात्र १८० मीटरच्या पुढे जाऊ देते. म्हणून अडॅप्टर तपासायचा तो नेहमी वाइड लेन्स लावून. ५० ला ठीक चालणारं कडं २८ ला दगा देतं.

बहुतेक स्वस्त अडॅप्टर मुद्दाम थोडे पातळ बनवतात, म्हणजे इन्फिनिटी मिळते आणि गिऱ्हाईक तक्रार करत नाही. मग लेन्स इन्फिनिटीच्याही पुढे फिरते. फोटोला त्याने काही होत नाही, पण लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे खोटे ठरतात. हे पुढे झोन फोकसच्या वेळी, म्हणजे फोकस आधीच ठरावीक अंतरावर लावून ठेवताना, लागेल, लक्षात ठेवा.

मायक्रोमीटर नसेल तर थेट लावून बघा. किमान किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर घ्या, किंवा रात्री चंद्र. कॅमेरा ट्रायपॉडवर, अॅपर्चर पूर्ण उघडं, स्क्रीनवर दहापट मोठं करून फोकस रिंग आडव्या आठाच्या खुणेकडे फिरवत न्या. खुणेच्या अगदी जवळ धार आली की कडं बरोबर. खुणेवर पोचूनही धार येत नसेल तर कडं जाड. खुणेच्या बरंच आधी धार आली तर पातळ. गच्चीवरून पांडवलेणीचा डोंगर दिसत असेल तर तोही चालेल, पण सकाळी लवकर. दुपारी तापलेल्या हवेची थरथर सगळी धार खाते.

जाड कडं लेथवर फेसिंग करून उतरवता येतं. काम देताना तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या: किती शतांश, कुठल्या बाजूने. लेन्सच्या बाजूची कडा घासायची, कॅमेऱ्याच्या बाजूची नाही, कारण तिकडे पंजांचं मापही बिघडतं. अॅल्युमिनियम असल्यामुळे जॉमध्ये धरताना पातळ पत्रा घाला, नाहीतर कडं अंडाकृती होतं. पातळ कड्याला उलट करायचं: पुढची रिंग बसवलेले स्क्रू काढायचे आणि खाली ०.०५ मिलिमीटरची पितळी शिम, म्हणजे पातळ पत्र्याची रिंग, कापून घालायची. शिम पूर्ण गोल हवी, तुकडे तुकडे घातले की पुन्हा तिरकस.

लेथवरून आलेलं किंवा पाकिटातून काढलेलं कोरं कडं तसंच कॅमेऱ्यावर लावायचं नाही. आट्यांमध्ये धातूचा बारीक कीस असतो आणि तो थेट सेन्सरवर पडतो. मऊ ब्रश, मग रबरी ब्लोअर, मग पांढऱ्या कागदावर हलकं आपटून बघा. कागदावर चमचम दिसणं थांबेपर्यंत हेच करत राहा.

बसवताना

आधी लेन्स अडॅप्टरमध्ये, मग दोन्ही मिळून कॅमेऱ्यावर. काढताना उलट: दोन्ही एकत्र काढा, कॅमेऱ्याला टोपी लावा, मग टेबलावर लेन्स वेगळी करा. कॅमेऱ्यावर असलेल्या अडॅप्टरमध्ये लेन्स फिरवली की आट्यांचा कीस आत जातो, माउंटवर ताणही येतो.

एम४२ लेन्स घट्ट केल्यावर वरची खूण भलतीकडेच, तीन-चार वाजता येऊन थांबते. फोटोवर परिणाम नाही, पण आकडे वाचायला मान वाकडी करावी लागते. बऱ्याच अडॅप्टरांच्या बाजूला तीन बारीक ग्रब स्क्रू असतात. ते अर्धा फेरा सैल करा, लेन्ससकट आतली रिंग फिरवून खूण बारा वाजता आणा, आणि तिन्ही स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे घट्ट करा. एकच स्क्रू आधी पूर्ण पिळला की रिंग एका बाजूला सरकते.

एम४२ च्या ऑटो लेन्सला ती मागची पिन दाबणारी कड असलेला अडॅप्टर घ्या. नाहीतर पाती कायम उघडीच राहतात आणि रिंग १६ वर फिरवली तरी फोटो एफ/२ चाच येतो. लेन्सवर ऑटो-मॅन्युअलची खिट्टी असेल तर ती मॅन्युअलवर ठेवली की प्रश्न मिटतो. एफडीचा प्रकार वेगळा. तिथे अडॅप्टरवरच एक रिंग असते, ती बंद स्थितीत न्यायची, तेव्हा कुठे अॅपर्चर हलतं. लेन्स बसवताना तिचा लिव्हर अडॅप्टरच्या खिट्टीमागे नीट आला नसेल तर पाती उघडीच राहतात. दोष लेन्सचा नसतो, काढून पुन्हा बसवायची. निकॉन आणि पेंटॅक्स केच्या लेन्स आपोआप लावलेल्या आकड्यापर्यंत मिटतात, तिथे हा घोळ नाही.

कडं कॅमेऱ्यावर डुगडुगत असेल तर त्याचे पंजे बघा. अनेकांत मधोमध चीर असते. घड्याळजीचा सपाट स्क्रूड्रायव्हर त्या चिरेत घालून अगदी केसभर रुंद करा, तीनही पंजांना सारखं. जास्त केलं तर कॅमेऱ्याचा माउंट ओरबाडला जाईल. उलट लेन्स कड्यात अडकून बसली असेल तर पकड नको, सायकलच्या ट्यूबचा रबरी पट्टा दोन्हींवर गुंडाळून फिरवा, लगेच सुटते.

जुन्या २०० एमएमसारखी जड धातूची लेन्स लावली असेल तर कॅमेरा गळ्यात लटकवून चालू नका. वजन लेन्सखाली हात घालून पेला. ट्रायपॉडवर लावताना पाय असलेला अडॅप्टर वापरा.

कॅनन डीएसएलआरवाल्यांनी आरसा सांभाळायचा. ६डी, ५डी सारख्या फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढ्या सेन्सरच्या) बॉडींचा आरसा मोठा असतो आणि काही जुन्या लेन्सची मागची काच इन्फिनिटीकडे जाताना आत सरकते. पहिला फोटो सगळ्यात जवळच्या फोकसवर काढा, मग थोडं थोडं इन्फिनिटीकडे जात प्रत्येक टप्प्यावर एक. खटकन आवाज आला किंवा व्ह्यूफाइंडर काळा राहिला तर थांबा आणि लेन्स परत जवळच्या बाजूला फिरवा.

कॅमेऱ्यातल्या चार सेटिंग

कॅमेऱ्याला समोर लेन्स आहे हे कळतच नाही, म्हणून तो शटर दाबू देत नाही. सोनीत रिलीज विदाउट लेन्स, फुजीत शूट विदाउट लेन्स, कॅननमध्ये रिलीज शटर विदाउट लेन्स हा पर्याय शोधून चालू करा. नवशिक्यांची निम्मी तक्रार इथेच संपते.

बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर फोकल लांबी हाताने भरा. लेन्सवर छापलेला आकडा तसाच भरायचा, ५८ असेल तर ५८. लहान सेन्सरसाठीचा क्रॉपचा गुणाकार करून ८७ भरलं तर कॅमेरा गरजेपेक्षा जास्त सेन्सर हलवतो आणि फोटो उलट हललेला येतो. लेन्स बदलली की आकडा बदलायचा, हे विसरलं जातं.

मोड अॅपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल. आयएसओ ऑटो ठेवायचा असेल तर किमान शटर स्पीड स्वतः बांधून द्या, माणसांसाठी १/१२५. कॅमेऱ्याला फोकल लांबी माहीत नसताना त्याच्या अंदाजावर सोडलं तर तो १/६० च्या खाली उतरतो. फोकस पीकिंग (स्क्रीनवर कडा रंगवून दाखवणारी सोय) लाल किंवा पिवळं, पातळी कमी. मॅग्निफायर एखाद्या हाताला येणाऱ्या बटणावर.

क्रॉपचं गणित एका वाक्यात: ५० एमएम सोनी, फुजी, निकॉनच्या एपीएस-सी (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ७५ सारखी, कॅननवर ८० सारखी आणि मायक्रो फोर थर्ड्सवर १०० सारखी दिसते. घरातल्या समारंभाला ५० अरुंद पडते ती यामुळे. २८ किंवा ३५ शोधा.

फोकस करणं

अॅपर्चर उघडून फोकस, मग ५.६ किंवा ८ वर आणून क्लिक, ही जुनी सवय बहुतेक वेळा पुरते. एफ/१.४ आणि १.८ च्या लेन्स मात्र अॅपर्चर मिटताना फोकस किंचित सरकवतात. चेहऱ्याचा फोटो २.८ वर काढायचा असेल तर २.८ वरच फोकस करा, स्क्रीन तशीही उजळ दिसते.

पीकिंगवर डोळे मिटून विसंबू नका. ते कॉन्ट्रास्ट दाखवतं, धार नाही. एफ/२ वर डोळ्याची पापणी आणि नाकाचा शेंडा दोन्ही लाल दिसतात, फोटोत मात्र एकच धारदार येतं. पीकिंगने जवळ पोचा, मग मॅग्निफायर दाबून पापणीच्या केसांवर अखेरचं थांबा. रिंग एकदा मुद्दाम पुढे जाऊ द्या आणि परत आणा, धार कुठे सर्वांत जास्त होती ते हाताला कळतं.

गर्दीत, म्हणजे बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारात किंवा चैत्रात काळाराम मंदिराच्या रथापुढे, इतका वेळ मिळत नाही. तिथे झोन फोकस. फुल फ्रेमवर २८ एमएम, एफ/८, फोकस ३.३ मीटरवर: साधारण १.६ मीटरपासून लांबपर्यंत सगळं चालण्याजोगं येतं. एपीएस-सीवर तीच लेन्स ४.९ मीटरवर ठेवा, अडीच मीटरपासून पुढचं येईल. लेन्सवर अॅपर्चरच्या जोडखुणा असतात, त्या फिल्मच्या काळातल्या प्रिंटसाठी आखलेल्या आहेत. आजच्या २४ मेगापिक्सेलला त्या सैल पडतात. एफ/८ वर फोटो काढा आणि ५.६ च्या खुणा वाचा. आणि वर म्हटलं ते इथे लागतं: कडं पातळ असेल तर लेन्सवरचे मीटर खोटे असतात. घरी टेप लावून ३ मीटरवर वर्तमानपत्र चिकटवा, मॅग्निफायरने फोकस करा, आणि रिंग नेमकी कुठे थांबली तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. पुढे त्या ठिपक्यावर भरवसा ठेवायचा.

द्राक्षाचे घड जवळून टिपायचे असतील तर एम४२ ची १० मिलिमीटरची एक्स्टेन्शन रिंग लेन्स आणि अडॅप्टरच्या मधे घाला. १० भागिले ५० म्हणजे ०.२ ची भर पडते. लेन्सची स्वतःची ०.१५ च्या आसपास धरली तर एकूण ०.३५. फुल फ्रेमवर सुमारे १० सेंटीमीटर रुंदीचा भाग फ्रेम भरतो, म्हणजे घडाचा एक छानसा तुकडा, मण्यांवरच्या पांढुरक्या लवीसकट. वारा असेल तर काडी क्लिपने बांधा. इन्फिनिटी अर्थातच जाते, रिंग काढायला विसरू नका.

उजेड, धुरकट फोटो आणि काळा कागद

रामकुंडावर सकाळी पंचवटीकडे तोंड केलं की सूर्य समोर येतो. जुन्या लेन्सचं कोटिंग एकेरी किंवा साधं असतं, त्यामुळे सावल्या राखाडी होतात. थोडा धूसरपणा घाटाच्या धुक्याला शोभतो. पण सगळेच फोटो सारखे दुधी येत असतील तर लेन्सच्या आधी अडॅप्टरच्या आत बघा. स्वस्त कड्याची आतली भिंत चकचकीत असते. फुल फ्रेमसाठी बनलेली लेन्स जास्त मोठं प्रकाशवर्तुळ फेकते. सेन्सरबाहेर पडणारा तो प्रकाश या भिंतीवर आपटून परत सेन्सरवर येतो.

तपासायला अंधाऱ्या खोलीत ट्यूबलाइट फ्रेमच्या जरा बाहेर ठेवून फोटो काढा. मधला काळा भाग राखाडी आला तर अस्तर लावा. मागे चिकट असलेला काळा फ्लॉकिंग पेपर आतल्या घेरापेक्षा एक मिलिमीटर कमी लांब कापा, दोन्ही कडांपासून २ मिलिमीटर आत बसवा. लेन्सचा लिव्हर किंवा मागची काच त्याला घासत नाही ना ते बघा. साधी मखमल नको, तिचे तंतू सुटून सेन्सरवर जातात. तकतकीत काळा रंगही कुचकामी, तिरप्या प्रकाशात तो आरशासारखा वागतो.

हूड मात्र लावाच. हेलिओस ४४-२ आणि ताकुमार ५५ एमएम यांना ४९ मिलिमीटरचे आटे आहेत, रबरी हूड सहज बसतो. जुना, ओरखडे पडलेला यूव्ही फिल्टर काढून ठेवा.

रंगपंचमीला रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ, जुनी लेन्स नेऊ नये. तिला पाण्यापासून बचाव करणारं सील नसतं. रंगाचं पाणी फोकसच्या आट्यांतून आत शिरतं आणि पुन्हा निघत नाही.

पावसाळ्यात जपणं

नाशिकची थंडी आणि उन्हाळा कोरडा, लेन्सला मानवणारा. जून ते सप्टेंबर मात्र हवा सत्तर टक्क्यांच्या वर दमट राहते आणि बुरशीला तेवढं पुरतं. मूळ चामड्याची पेटी सगळ्यात वाईट, चामडं ओल धरून ठेवतं. पेटी आठवण म्हणून वेगळी ठेवा. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. तांदळात ठेवणंही सोडा, पीठ आत जातं.

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा दहा लिटरचा डबा, आत १०० ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, आणि एक छोटं हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० च्या मधे राहू द्या. ३० च्या खाली गेला तर जेल थोडं काढा, फार कोरड्या हवेने जुनं ग्रीस आळतं. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दीड तास तापवा, पुन्हा निळे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, त्यामुळे त्यासाठीचा ट्रे वेगळा ठेवा, स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका.

बुरशी फक्त बाहेरच्या काचेवर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्सचा कागद, मधून बाहेर गोल फिरवत. दर वेळी नवा कागद. आत असेल तर जाणकाराकडे द्या, आणि तोवर ती लेन्स इतरांच्या डब्यात ठेवू नका. महिन्यातून एकदा सगळ्या लेन्स बाहेर काढून फोकस आणि अॅपर्चर या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवा, टॉर्च मारून आत बघा, आणि डब्याच्या झाकणावर तारीख लिहा.